आधी शेजारीण, मग आळी

आपण आळी म्हणतो, वाडी म्हणतो. तिकडे युरोपात नेदरलँड्स देशात, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथे, 'ब्यूर्त' म्हणतात. इतक्या लांबचा शब्द कशाला, असं आमच्याच गटात एकीनं विचारलं. पण त्याची फोड ऐका.

'ब्यूर' म्हणजे शेजारी. जुन्या भाषेत तो 'गेबूर' होता. 'गे' म्हणजे सोबत आणि 'बूर' म्हणजे राहण्याची जागा. सोबत राहतो तो गेबूर, आणि अशा सगळ्यांचा मिळून ब्यूर्त. म्हणजे त्या भाषेत आधी माणूस आला, जागेचं नाव मागून. शेतकऱ्याचा डच शब्दही याच मुळातला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले बोअर म्हणजे मूळचे डच शेतकरीच. इंग्रजी 'नेबर'च्या शेपटाशीही हाच शब्द आहे.

देशाच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला लागून ट्वेन्टे नावाचा शेतीवाडीचा भाग आहे. तिथे शेजाऱ्याला 'नाओबर' म्हणतात, जवळ राहणारा. तिथला शेजारधर्म मर्जीवर सोडलेला नव्हता. कोणाचं घर कोणाला बांधलेलं, ते ठरलेलं असे. घरात कोणी गेलं की घरच्यांनी दुःख करायचं, बाकी सारं शेजाऱ्यांनी बघायचं: घरोघर निरोप द्यायचा, खांदा द्यायचा. बाळ झालं की आयाबाया हातभर लांबीची मनुकांची पाव-लादी घेऊन बाळंतिणीला भेटायला जात. कधी ती लादी चक्क शिडीवर ठेवून वाजतगाजत नेत!

आम्हाला मात्र यात एक गोष्ट खटकली. बाळंतिणीजवळ बसणं, प्रेताला आंघोळ घालून कपडे चढवणं, यातलं बरंचसं बायकांच्याच वाट्याला येई. त्याला धर्म म्हणत, काम कोणी म्हणत नसे. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे?

याच ट्वेन्टे भागात आल्मेलो गाव आहे. योस द ब्लोक हे स्वतः परिचारक. त्यांनी 2006 साली घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी संस्था सुरू केली. तिचं कार्यालय आल्मेलोत आहे. एका तुकडीत जास्तीत जास्त बारा परिचारिका असतात. कोणाकडे कधी जायचं, हे त्या आपसात ठरवतात, वर साहेब नाही. संस्थेचं नाव 'ब्यूर्तझोर्ख', म्हणजे आळीची काळजी. शब्द तोच जुना आहे. या बायकांना मात्र त्या कामाचा पगार मिळतो.