पाठीवरचं नाव

आमच्या महिला गोविंदा पथकाची हिशेबाची वही माझ्याकडे असते. पूर्वी मी तिसऱ्या थरावर चढायचे. गुडघे बोलायला लागल्यापासून वर्गणी, बस, वडापाव आणि टी-शर्ट ही खाती माझी. यंदा आषाढात टी-शर्टवाला चार नमुने घेऊन आला. चारही मरून, चारहींवर आमच्या पथकाचं नाव, पण चार तऱ्हांनी घातलेलं. एकावर मशीनचं भरतकाम. दुसऱ्यावर स्क्रीनचा छाप. तिसऱ्यावर फिल्म चिकटवलेली, ज्याला हल्ली सगळे डीटीएफ म्हणतात. चौथा पॉलिएस्टरचा, त्यात मरून रंगासकट सगळंच पांढऱ्या कापडावर छापलेलं. ते सब्लिमेशन. ‘ताई, बोट ठेवा. पुढच्या आठवड्यात दीडशे नग हजर करतो,’ तो म्हणाला.

मी बोट ठेवलं नाही. त्याचं कारण काही वर्षांपूर्वीची दहीहंडी.

त्या वर्षी टी-शर्ट ऐन सणाच्या सकाळी हातात पडले. पाठभर देणगीदाराचं नाव, जाड पांढऱ्या अक्षरांत, पार खांद्याच्या वळणापर्यंत चढलेलं. सराव सगळा जुन्या कपड्यांत झालेला. दुपारी तिसऱ्या ठिकाणी थर लावले तेव्हा वरून टँकरचं पाणी सुरू होतं. चौथ्या थरावरची मुलगी खालच्या मुलीच्या खांद्यावर सरळ उभी राहायला गेली आणि तिचा अनवाणी पाय त्या अक्षरांवरून सरकला. थर कोसळला. तिचं मनगट मोडलं, बाकीच्या खरचटण्यावर सुटल्या. हॉस्पिटलात प्लास्टर ओलं असताना ती मला म्हणाली, ‘ताई, पायाला खांदा लागलाच नाही. रबर लागलं.’

त्या दिवशी ते टी-शर्ट मीच मोजून घेतले होते. म्हणून यंदा चार नमुने समोर आल्यावर मला आधी हे समजून घ्यायचं होतं, की गटाचं नाव अंगावर घालायची ही चाल आली कुठून आणि ते नाव खांद्यापर्यंत चढलं कसं.

आपल्या ओळखीच्या एका जुन्या नमुन्यात नाव कापडावर नव्हतंच, धातूवर होतं. इंग्रजी अमदानीत कचेरीतल्या शिपायाच्या अंगावरून पट्टा असायचा आणि पट्ट्यावर पितळी पत्रा. पत्र्यावर कचेरीचं नाव कोरलेलं. हा पत्रा म्हणजे चपरास. ती बाळगणारा तो चपरासी, अशी नोंद १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात आहे. मराठीने त्याच माणसाला पट्ट्यावरून ओळखलं आणि पट्टेवाला म्हटलं. दोन्ही भाषांत माणसाचं नाव त्याच्या कामावरून न पडता अंगावरच्या वस्तूवरून पडलं, आणि ती वस्तू त्याची नव्हती. नोकरी सुटली की चपरास परत. रेल्वेच्या हमालाचंही तसंच. लाल सदरा लांबून ओळखायला, दंडावरचा पितळी बिल्ला जवळ आल्यावर नंबर वाचायला. १९८३ च्या ‘कुली’मधला ७८६ नंबरचा बिल्ला त्यामुळेच सगळ्यांच्या लक्षात राहिला. रंगाने गट सांगायचा आणि धातूने माणूस. कापडावर एक अक्षरही नाही.

पहिल्या नमुन्यावरच्या भरतकामाचा इतिहास मात्र थेट आपल्या दारातून जातो. कच्छ-सौराष्ट्रातले मोची कारागीर चामडं शिवायच्या आरीने, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईने, कापडावर साखळी टाका घालत. हिंदुस्थानातून गेलेलं असं भरतकाम युरोपला आवडलं आणि अठराव्या शतकात तिथल्या बायका गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याच्या सुईने तसाच टाका घालू लागल्या. फ्रान्समधल्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने तोच टाका यंत्राकडून घालून घेतला आणि १८३० साली पेटंट मिळवलं. शिलाई मशीनच्या इतिहासातलं हे चाललेलं पहिलं यंत्र. पॅरिसमध्ये त्याने अशी ऐंशी यंत्रं मांडली, ती फ्रेंच सैन्याचे गणवेश शिवायला. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये ती मोडून टाकली. म्हणजे एकसारखे कपडे घाऊक शिवायच्या कहाणीत आकड्याची सुई अगदी सुरुवातीपासून आहे.

पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने होडीच्या आकाराच्या धोट्यावर चालणारं भरतकामाचं यंत्र काढलं. १८६५ मध्ये फ्रान्समध्ये बोनाजचं साखळी टाक्याचं यंत्र आलं. ते कोर्नेलीच्या नावाने जगभर गेलं. आणि १९६४ मध्ये जपानच्या ताजिमा कंपनीने एकाच वेळी अनेक डोक्यांवर तेच चिन्ह भरणारं स्वयंचलित यंत्र बाजारात आणलं. आज गल्लीतल्या दुकानात खडखडणारं यंत्र त्याच घराण्यातलं.

भरतकामाचा भाव टाक्यांवर असतो. हजार टाक्यांना अमुक, असा. म्हणून भरलेलं नाव लहान राहतं आणि छातीच्या डाव्या बाजूला बसतं. पाठभर नाव भरायचं तर कपड्यापेक्षा दोराच महाग. शिवाय टी-शर्टचं कापड विणीचं, ताणलं जाणारं. टाके ओढले जाऊ नयेत म्हणून मागून कडक कागद लावावा लागतो. तो छातीला टोचतो. खालच्या थरातल्या बायका दिवसभर एकमेकींना छातीपाठीने घट्ट चिकटून उभ्या असतात. पहिला नमुना मी घडी घालून बाजूला ठेवला.

स्क्रीनच्या छापाचं मूळ सापडतं ते जपानी कातरकामात. कागदात नक्षी कापायची, तिचे सुटे तुकडे केसासारख्या बारीक धाग्यांनी जागच्या जागी धरायचे आणि वरून रंग किंवा खळ पसरायची. धाग्यांऐवजी अख्खी रेशमी जाळीच ताणली तर सुटे तुकडे धरायचा प्रश्नच उरत नाही. अशा छपाईचं पेटंट १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने घेतलं. लाकडी चौकट, ताणलेली जाळी, रबराची पट्टी. लग्नपत्रिकांपासून मंडळाच्या बॅनरपर्यंत आपण ज्यावर वाढलो ते हे तंत्र.

त्याची आणि टी-शर्टची गाठ अमेरिकेत पडली. १९१३ च्या सुमारास टी-शर्ट तिथल्या नौदलाच्या गणवेशात आला, तो सदऱ्याच्या आत घालायचा कपडा म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तो बाहेर दिसू लागला. १३ जुलै १९४२ च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या जवानाच्या छातीवर त्याच्या हवाई दलाच्या नेमबाजी प्रशिक्षणशाळेचं नाव छापलेलं आहे. चपरासेवर असायचं ते संस्थेचं नाव आता थेट कापडावर आलं होतं. फरक एवढाच, की ते काढून परत करता येत नव्हतं.

पण नाव मोठं झालं ते शाईमुळे. पाण्यात कालवलेला रंग कापडात जिरतो, आणि काम जरा थांबलं की जाळीतच वाळून बसतो. युद्धानंतरच्या दशकांत प्लास्टिसोल आलं. पीव्हीसीचे बारीक कण तेलकट द्रवात मिसळलेली ही शाई. तिच्यात पाणी नसतं, म्हणून ती जाळीवर दिवसभर ओलीच राहते आणि साधारण १६० अंश सेल्सिअसला तापवल्यावर पक्की होते. ती धाग्यात जिरत नाही, धाग्यांवर थर धरते. म्हणून गडद कापडावरही पांढरा रंग झळझळीत दिसतो. मग १९६० च्या दशकात मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन माणसाने कपड्यांवर अनेक रंग छापायचं गोल फिरणारं यंत्र केलं, ते मुळात बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या शर्टांसाठी. गटाचे कपडे हाच या धंद्याचा पाया होता.

स्क्रीनचा हिशेब टाक्यांच्या हिशेबाच्या अगदी उलट. खर्च चौकट तयार करण्यात. प्रत्येक रंगाला एक चौकट. एकदा ती झाली की नाव चार बोटं असो की पाठभर, भाव जवळपास तोच. फुकटात मोठं होणारं नाव कोण लहान ठेवील? माझ्या लहानपणी गोविंदा बनियन आणि हाफपँटवर असत. देणगीदार आले, टी-शर्ट आले, आणि नाव छातीवरून पाठीवर गेलं, कारण थर लावताना सगळ्यांची तोंडं आत असतात आणि गॅलरीतून पाठीच दिसतात. पाठीवरून ते खांद्यावर चढलं. कुणी मुद्दाम वाईट केलं नाही. मोठं करायला पैसे पडत नव्हते आणि मधे पाय ठेवणाऱ्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तिसरा नमुना, डीटीएफ, हा त्याचाच पुढचा अवतार. फिल्मवर छापायचं, चिकट पूड भुरभुरवायची, गरम प्रेसखाली दाबायचं. चौकटच नाही, म्हणून एक नग आणि दीडशे नग एकाच भावाने. आमच्या मुलींना हाच हवा होता, कारण त्यात प्रत्येकीचं नाव वेगळं घालता येतं. मला त्यांची हौस कळत होती. पण बोट फिरवलं तर पुन्हा तोच गुळगुळीत पापुद्रा.

चौथ्या नमुन्यात पापुद्रा नव्हता. पॉलिएस्टर हा धागा १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. सब्लिमेशनमध्ये रंगाची उष्णतेने वाफ होते आणि ती या धाग्याच्या आत शिरते, म्हणून हाताला छाप लागतच नाही. क्रिकेटच्या जर्सी अशाच होतात. पण सुती धाग्यात ही वाफ टिकत नाही. कापड पॉलिएस्टरचंच हवं, आणि भिजलेलं ते कापड स्वतःच निसरडं. आम्ही ते एका सरावात वापरून पाहिलं होतं.

पुरुष पथकातला एक जुना मित्र म्हणाला, ‘एवढा घोळ कशाला? पिवळा सुती टी-शर्ट घे, पाण्याच्या शाईने निळं नाव छाप. जिरेल, सरकणार नाही.’ त्याचं बरोबर होतं, पण त्याच्यापुरतं. फिक्या सुती कपड्यावर टँकरचं पाणी पडलं की बाईच्या अंगावर काय होतं आणि समोरचे मोबाइल कुठे वळतात, हे त्याला कधी बघावं लागलं नाही. आम्ही मरून घेतो ते आवडतो म्हणून नाही. आणि पाण्याची साधी शाई मरूनवर दिसत नाही.

पाण्याच्या शाईला फिका कपडा लागतो, पाण्यात उभ्या बाईला गडद, आणि गडदवर दिसणारी शाई पायाला नको. यातून वाट निघाली ती रंग चढवण्याऐवजी रंग काढण्याच्या तंत्रात. छापखान्यात त्याला डिस्चार्ज म्हणतात. शाईत असं रसायन मिसळलेलं असतं, की तापवल्यावर ती जिथे पडली तिथला कापडाचा मूळ रंग उडतो. अक्षर म्हणजे कापडच, फक्त फिकं झालेलं. बोटाला काही लागत नाही.

आणि हे तंत्र आपल्याला परकं नाही. इंग्रजीतला बंडाना हा रुमाल म्हणजे आपली बांधणी. लाल कापडावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांना युरोपात इतकी मागणी होती, की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या हेन्री मॉन्टीथच्या कारखान्यात त्यांची नक्कल सुरू झाली. आपल्याकडे कापडाला गाठी मारून रंग लागू देत नसत. तिथे पक्क्या लाल कापडाच्या घड्या शिशाच्या छिद्रांच्या पत्र्यांमध्ये दाबून छिद्रांतून रंग उडवणारं पाणी सोडत. जिथे पाणी पोचलं तिथे पांढरा ठिपका. गाठ गेली, ठिपका राहिला.

डिस्चार्जची अडचण अशी, की शाई कालवली की काही तासांतच संपवावी लागते, तापवताना वास येतो, आणि कपडा धुतल्याशिवाय घालू नये. शिवाय कापड सुती हवं आणि त्याचा रंग उडणारा हवा. टी-शर्टवाल्याने नगामागे चाळीस रुपये जास्त सांगितले. दीडशे नगांचे सहा हजार. देणगीदाराचा माणूस आला तेव्हा त्याला वाटलं मी नाव लहान करायला बसले आहे. मी म्हटलं, पाठभर घ्या, पण खांद्यापासून चार बोटं खाली, आणि वरचे सहा हजार तुमचे. तो म्हणाला, अक्षरं पांढरीशुभ्र दिसणार नाहीत, मळकट दिसतील. दिसतील, म्हटलं. शेवटी त्याने तीन हजार दिले. तीन मी वहीत ‘कापड’ या खात्यावर टाकले.

स्पेनमधल्या कातालोनियातही माणसांचे मनोरे रचतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथला प्रत्येक गट सदऱ्याच्या रंगावरून ओळखला जातो, आणि कमरेला घट्ट गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यात पाय रोवून वरचे चढतात. कपडा आधी पायासाठी, मग नजरेसाठी. तो पट्टा पाहिला की मला आपला पट्टेवाला आठवतो. त्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव होतं. यांचा पट्टा चढणाऱ्याच्या कामाचा.

डिस्चार्जचा नमुना आला, तेव्हा तो एकदा धुऊन आमच्या खालच्या थरातल्या सगळ्यात दणकट बाईला घातला आणि तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. मनगट मोडलेली मुलगी आता दोन वर्षांनी पुन्हा चढायला लागली आहे. तिला म्हटलं, चढ. ती खांद्यावर उभी राहिली, मग मुद्दाम एक पाय खाली घेऊन अक्षरांवर घासून पाहिला, आणि काही न बोलता उतरली. मी दीडशेची ऑर्डर दिली.

यंदा टी-शर्ट पंधरा दिवस आधी आले. सराव त्यातच चालू आहे.