वाळूनं मागे ठेवलेलं भोक

विनिपेगमध्ये जानेवारीत गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. गाडी पेट्रोलची असो वा डिझेलची, रात्री ती घराच्या भिंतीवरच्या प्लगला जोडून ठेवतात, म्हणजे इंजिनातलं कूलंट कोमट राहतं आणि उणे तीस अंशांतही सकाळी किल्ली फिरवली की इंजिन उठतं. या ब्लॉक हीटरचा इतिहास सगळे विजेच्या बाजूनं सांगतात. माझं म्हणणं असं, की त्याचं मूळ ओतकामात आहे. हीटर ब्लॉकच्या कुशीतल्या ज्या गोल भोकात बसतो, ते भोक हीटरच्या आधीपासून तिथे होतं आणि ते वाळूनं पाडलेलं होतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडचा फाउंड्रीचा धंदा शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढला, आणि इंजिनाचा ब्लॉक कसा ओततात हे इथल्या पोराला शाळेच्या वयातच ऐकून ठाऊक होतं. ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पाणी खेळायला पोकळी हवी, म्हणजे वॉटर जॅकेट. लोखंड ओतताना ती पोकळी राखायची तर तिच्या आकाराचा वाळूचा गाभा साच्यात आधी ठेवावा लागतो. फाउंड्रीत त्याला ‘कोअर’ म्हणतात. हा कोअर अधांतरी राहणार कसा? म्हणून त्याला बाजूंनी पाय काढतात, ते साच्याच्या भिंतीत रुततात, आणि वितळलेलं लोखंड सगळीकडून वेढत असतानाही कोअर जागचा हलत नाही. लोखंड थिजल्यावर त्या पायांच्या जागी भोकं उरतात, आणि आतली वाळू तिथूनच झाडून काढतात. मग भोकं बंद करायला पत्र्याची चकती किंवा वाटी ठोकून बसवतात. हाच कोअर प्लग.

उत्तर अमेरिकेतले मेकॅनिक मात्र त्याला ‘फ्रॉस्ट प्लग’ किंवा ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात, आणि नावामागची समजूत पक्की आहे: पाण्याचं बर्फ झालं की ते सुमारे नऊ टक्के फुगतं, हा प्लग उडून जातो आणि ब्लॉक वाचतो. म्हणजे भोक मुद्दाम ठेवलेलं, सुरक्षेसाठी. ही समजूत अगदीच हवेतली नाही. प्लग उडाल्यामुळे वाचलेले ब्लॉक लोकांनी पाहिले आहेत. पण प्लग जागच्या जागी राहून ब्लॉक उभा चिरल्याची उदाहरणंही गॅरेजांत हवी तितकी मिळतात. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद गल्लीत गोठलेलं पाणी आधी तिथल्याच भिंतीवर जोर लावतं, दूरच्या चकतीपर्यंत तो जोर पोचायची वाट ते पाहत नाही. शिवाय ही भोकं कोअरला आधार कुठे लागतो त्या हिशेबानं पडतात, बर्फ कुठे जास्त जोर करेल त्या हिशेबानं नाही. ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, गिअरबॉक्सच्या घराआड, प्लग असतात ते बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. सुरक्षेचं झाकण कोणी तिथे ठेवेल का? फाउंड्रीत उभा राहिलेला माणूस या वादात पडणारच नाही, त्याच्या डोळ्यांसमोर वाळू गळत असते.

या चकतीचीही एक कथा आहे, आणि ती मला फार आवडते. सुरुवातीला ही भोकं आटे पाडून बुचांनी बंद करत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिशिगनमधले वेल्च बंधू मोटारगाड्या बनवत. गाडी चालवून पाहताना एक बूच निसटलं, तेव्हा एका भावानं खिशातलं अर्ध्या डॉलरचं नाणं भोकात ठेवून हातोडीनं ठोकलं, आणि त्यातूनच ‘वेल्च प्लग’ निघाला, अशी आख्यायिका आहे. शंकेखोर म्हणतात की सपाट नाणं ठोकलं तर त्याची वाटी होईल आणि व्यास कमी होईल, खरा वेल्च प्लग तर फुगीर असतो आणि ठोकल्यावर सपाट होत कडेला फाकतो. मुद्दा बरोबर आहे. पण तेव्हाचं अर्ध्या डॉलरचं नाणं नव्वद टक्के चांदीचं, म्हणजे मऊ. भोकात खालून टेकायला जरा पायरी असेल तर घणाखाली चांदी कडेला पसरणार आणि घट्ट बसणार. त्या नाण्याचा व्यास 30.6 मिलिमीटर, सव्वा इंचाच्या थोडा आत. नाण्याच्या मापाचं भोक असणं अजिबात अशक्य नाही. मी आख्यायिकेच्या बाजूनं आहे.

आता हीटर. विजेचा हीटर यायच्या आधी लोक रात्री तेल आणि पाणी काढून घरात शेकोटीपाशी ठेवत, सकाळी परत ओतत. ऑइल चेंबरखाली निखाऱ्यांचं भांडं सरकवत. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी या त्रासावर हेडबोल्ट हीटर काढला. त्याचं पेटंट 8 नोव्हेंबर 1949चं. पहिला नमुना त्यांनी तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतलं तापणारं अंग घेऊन जुळवला असं सांगतात. फ्रीमन एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा 1936मध्ये झाला आणि त्यानंतर शेतांवर तारा पोचल्या. रात्रभर वीज खाणारं यंत्र वीज विकणाऱ्याच्या डोक्यातून निघावं, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

हीटरच्या मुळाबाबत काहींचा कौल दुसऱ्या महायुद्धाकडे आहे. जर्मन पँथर रणगाड्याच्या शेवटच्या मॉडेलांना मागच्या बाजूनं ब्लोलॅम्प लावून कूलंट तापवायची सोय होती. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढे आणि इंजिनभर फिरे. तत्त्व तेच आहे, हे मान्य. पण तो उघडा जाळ होता, माणसानं समोर उभं राहून लावायचा. सायंकाळी वायर खोचून झोपायला जाण्याची सवय त्यातून जन्मली नाही.

फ्रीमन यांचा हीटर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी बसे. माझा तर्क असा, की त्यामुळेच तो मागे पडला. हेडचे बोल्ट गॅस्केटवर सारखा दाब ठेवतात. डिझेलमध्ये तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळा खेळ, त्यामुळे कॉम्प्रेशन पेट्रोल इंजिनाहून बरंच चढं. तिथला एक बोल्ट सैल मनानं काढणं म्हणजे गळतीला बोलावणं. कोअर प्लगच्या भोकावर असा कसला भार नाही. ते जॅकेटमध्ये थेट उघडतं, बहुधा खालच्या अंगाला असतं, म्हणजे तापलेलं कूलंट वर चढायला जागा मिळते. हीटरला हवं ते सगळं वाळूनं आधीच करून ठेवलं होतं.

माझ्या मताला सर्वांत मोठा आधार नव्या इंजिनांतून मिळतो. काही ॲल्युमिनियमचे ब्लॉक आता पोलादी डायमध्ये दाबानं ओततात आणि वॉटर जॅकेट वरून उघडं ठेवतात. तिथे जॅकेटसाठी वाळूचा कोअर लागत नाही, आणि कोअर नाही म्हटल्यावर ते भोकही नाही. अशा इंजिनांसाठी नॉर्वेच्या डेफासारख्या कंपन्या ब्लॉकला बाहेरून चिकटून तापवणारा किंवा कूलंटच्या होजमध्ये बसणारा हीटर देतात. वाळू गेली तसा हीटर बाहेर आला.

माझ्या भाच्यानं विनिपेगमध्ये जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि फोनवर विचारलं, “मामा, कुठला हीटर लावू?” मी आधी ब्लॉक कशाचा आहे ते बघायला सांगितलं. लोखंडी असेल आणि कोअर प्लगपर्यंत हात पोचत असेल तर तिथलाच घे. 400 ते 1000 वॉटमध्ये काम भागतं, आणि टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास चालवलं की पुरे. ऑइल चेंबरला बाहेरून चिकटवायचा पॅड तेल पातळ करतो, पण सिलिंडरच्या भिंती त्यानं फारशा तापत नाहीत, आणि डिझेल पेटायला गरम हव्या त्या भिंती. व्हॅन रात्री रस्त्यावर, प्लगपासून लांब उभी राहत असेल तर टाकीतलंच डिझेल जाळून कूलंट तापवणारा हीटर घ्यावा लागतो. साधारण पाच किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात तासाला अर्धा-पाऊण लिटर पितो. या जातीत वेबास्टो आणि एबरस्पेशर ही दोन नावं एकमेकांसमोर उभी असतात. दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या एसलिंगेन या एकाच गावात जन्मल्या, एबरस्पेशर 1865मध्ये आणि वेबास्टो 1901मध्ये, आणि दोघींनी छतं बनवली: एकीनं इमारतींची काचेची, दुसरीनं मोटारींची उघडती. एका गावातून या दोघी कशा निघाल्या, यावर कोणीतरी स्वतंत्र लिहावं.

डिझेलचं दुखणं मात्र ब्लॉक हीटरच्या हातात नाही. थंडीत त्यातलं मेण थिजतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखमध्ये ट्रकचालक टाकीखाली जाळ करत, त्याचं कारण हेच. तिथे 2019मध्ये इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं. कॅनडात हिवाळ्यात पंपावर तसलंच मिळतं, पण उन्हाळ्यात भरलेली टाकी तशीच ठेवली असेल तर ती आधी संपवायची.

कोअर प्लगच्या जागी हीटर बसवताना भोकाचा व्यास आधी कॅलिपरनं मोजायचा, कारण मिलिमीटरभराचा फरकही चालत नाही. कूलंट पूर्ण उतरवायचं, भोकाची कड घासून गंज काढायचा, जॅकेटच्या कोपऱ्यात उरलेली ओतकामाची वाळू सापडली तर तीही खरवडायची. मग कूलंट भरून इंजिन चालवून हवा काढून टाकायची, आणि तोवर वायर भिंतीला लावायची नाही. हवेच्या खिशात सापडलेलं हीटरचं अंग पाहता पाहता जळून जातं.