हाताची विद्या आणि दूरचा गुरू

दौलताबादेहून खुलताबादेस जाणाऱ्या वाटेवर कागजीपुरा म्हणून एक लहानसे गाव आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हा दिल्लीकडील कारागिरांबरोबर कागद करणारेही इकडे आले, अशी परंपरा सांगतात. चिंध्या कुजवाव्या, कुटाव्या, धुवाव्या. त्यांचा लगदा हौदात कालवावा. गवताच्या काड्यांची चटई त्यात बुडवून उचलावी, आणि आलेला ताव वाळवून दगडाने घोटावा. एवढे पोथीत लिहून ठेविता येते. परंतु चटई पाण्यातून वर येताना तिला जो हिसका द्यावयाचा, ज्यामुळे तंतू एकमेकांत गुंतून ताव सारखा बसतो, तो मात्र हौदाशी उभे राहूनच शिकावा लागे. बाप शेजारी असे, आणि ताव बिघडला की तो लागलीच मुलाच्या मनगटास हात लावी.

ह्याच प्रांतातला हिमरू पाहिला म्हणजे गोष्ट अधिक स्पष्ट होते. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने फुले काढावयाची, तर त्या फुलांचा सगळा हिशेब मागाच्या वर टांगलेल्या दोऱ्यांच्या ‘जाला’त गाठी मारून बांधलेला असे. वर बसलेला मुलगा एकामागून एक दोऱ्या ओढी आणि खाली विणकर धोटा टाकी. एका जाल्यावरून दुसरा जाला उतरविता येई. म्हणजे नक्षी ही एका मागावरून दुसऱ्यावर जाऊ शकणारी वस्तू होती. विणकराचा हात मात्र असा उतरवून घेता येत नसे. पुढे फ्रान्सात जॅकार्डने नक्षी भोकांच्या पत्त्यांवर बसविली (१८०४), तरी हा भेद तसाच राहिला.

मग हाताची विद्या दुरून शिकविता येतच नाही काय? येते, आणि फार दिवसांपासून येते. इंग्लंडात १८४० साली पेनी टपाल सुरू होताच आयझॅक पिटमन ह्याने लघुलेखन पत्रद्वारा शिकविण्यास आरंभ केला. लघुलेखन ही तर निव्वळ हाताचीच कसब. शिष्य आपला उतारा लिहून पाठवी व पिटमन तो दुरुस्त करून परत धाडी. आमच्या मते त्या पद्धतीचे मर्म गुरूने पाठविलेल्या पाठापेक्षा शिष्याकडून परत आलेल्या कागदात होते. हे परतीचे टपाल पुढे कित्येकांनी विसरून टाकिले.

शिकविणाऱ्यांसच शिकविणे ही आणखी निराळी अडचण. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बिलासपुराजवळ कोनी येथे शिल्पनिदेशकांस तयार करणारी पहिली केंद्रीय संस्था निघाली, आणि १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना देशभर चालू झाली. निदेशकाने घर सोडून तेथे जावे, हीच त्या काळची रीत होती.

१९७५ च्या ऑगस्टात मात्र उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांस दूरचित्रवाणी दाखविण्याचा एक वर्षाचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते, आणि निजामी राज्यात तर ते औरंगाबादचेच सोबती. त्या ऑक्टोबरात सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांस बारा दिवस विज्ञान कसे शिकवावे हे शिकविले गेले. पडद्यावर पाठ, रेडिओवर चर्चा, हाती पुस्तिका, आणि समोर स्वतः करून पाहावयाचे प्रयोग. पडद्यास प्रश्न विचारता येत नाही हे योजकांनी ओळखिले होते, म्हणून प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक माणूस बसविला. ह्या प्रयोगाची कीर्ती उपग्रहामुळे झाली. आम्हांस त्या बिनचेहऱ्याच्या मार्गदर्शकाचे मोल अधिक वाटते.

पुढची पावले वाचकांस ठाऊक आहेत. १९८६ मध्ये मद्रासेस प्रशिक्षण-साहित्य तयार करणारी केंद्रीय संस्था निघाली. १९८९ मध्ये नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे विभागीय केंद्र आमच्या शहरीही आहे. मुक्त विद्यापीठाने पुस्तक घरी धाडिले, तरी अभ्यासकेंद्र व संपर्कसत्र सोडिले नाही, हे त्याचे शहाणपण.

मग २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी आली. वाळूज, चिकलठाणा येथील कारखान्यांस माणसे पुरविणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांस कुलपे लागली, आणि शिकणारा व शिकविणारा दोघेही फोनच्या पडद्यापुढे बसले. कानशीचेच उदाहरण घ्या. लोखंडाचा तुकडा सपाट घासावयाचा, तर कानस पुढे सरकताना डाव्या हाताचा भार हळूहळू उजव्याकडे न्यावा लागतो. नाही नेला तर कानस झोके खाते आणि पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो. चित्रात कानस सरळच जाताना दिसते. भार दिसत नाही. ही चूक निदेशकाच्या हाती राहिली, तर ती विसेक मुलांच्या तुकडीत जाते. आणि कानशीऐवजी फिरता लेथ असला म्हणजे प्रश्न मुलांच्या बोटांचा होतो.

असे असूनही नव्या साधनास आम्ही नाकारीत नाही. १९७५ च्या पडद्यास जे नव्हते ते ह्यास आहे: ते उलटही पाहू शकते. निदेशकाने आपल्या हातांवर कॅमेरा धरावा, घासलेल्या तुकड्यावर गुण्या ठेवून मागून प्रकाश सोडावा, आणि फटीतून डोकावणारा उजेड दूरच्या गुरूस दाखवावा. फुगवटा कोठे आहे हे गुरू तेवढ्यावरून सांगू शकतो. भार कसा न्यावा हे मात्र जवळच्या कोणा जुन्या फिटरास विचारावे लागेल; आणि त्या फिटरास केंद्रावर बसविण्याचा, त्याचा दिवसाचा रोज देण्याचा खर्च अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल. उपकरणांची यादी करताना नेमके हेच कलम गळते.

कागजीपुऱ्यातील हौद आता थोडे उरले आहेत. तेथील एखाद्या वृद्ध हाताचे चित्रण कोणी करणार असेल, तर त्याने शेजारी एक शिकाऊ मुलगाही उभा करावा, आणि म्हाताऱ्याचे चांगले ताव टिपण्यापूर्वी त्या मुलाचे बिघडलेले ताव टिपावे.