जुन्या बसगाडीचे कुलशील

जुन्या छायाचित्रात बसगाडी दिसली की आपण तिच्या अंगावरचे नाव वाचतो आणि तीच तिची ओळख मानतो. ते नाव मात्र बहुधा गाडी चालविणाऱ्या कंपनीचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे. त्या काळी विलायती कारखाने पुष्कळदा इंजिनासह नुसती चासी विकत. वरचा लाकडी सांगाडा निराळेच कारागीर चढवीत. म्हणून छत आणि खिडक्या पाहून निर्माता ठरवू नये.

पाहावे ते रेडिएटर. त्याच्या माथ्यावर अनेक कारखानदार आपले नाव ओतीव अक्षरांत देत. ग्लासगोच्या अल्बियनच्या पुष्कळ गाड्यांवर तेथे उगवता सूर्य असे. चासीच हाती लागली, तर आतील यंत्र बोलते : टिलिंग-स्टीव्हन्सच्या पेट्रोल-इलेक्ट्रिक गाडीत इंजिन डायनामो फिरवी आणि विजेची मोटर चाके, गिअरपेटी नसे. सनावळीही उपयोगी पडते. स्ट्रेकर-स्क्वायर १९२६ साली, तर हॅली १९३५ साली बंद पडली. त्यानंतर घडलेली गाडी त्यांची असणे शक्य नाही.

हा खटाटोप कशासाठी? ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी दिल्लीतही बस चालवीत असे. मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ती सेवा अपुरी ठरवून आपल्याकडे घेतली. दिल्लीच्या बससेवेच्या इतिहासात आपल्या ग्वाल्हेरच्या या कंपनीचा उल्लेख बहुधा त्या एका वाक्यापुरताच येतो. तिची अधिक साक्ष घरोघरच्या संग्रहांतूनच मिळू शकेल. तेव्हा जुने छायाचित्र टाकून देण्यापूर्वी त्यातील गाडीचे तोंड निरखावे, आणि मागे स्थळ, साल व माणसांची नावे लिहून ठेवावीत.