हैदराबादच्या अभियांत्रिकी पदवी शिक्षणातील मनुष्यबळ व्यवस्थापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात मनुष्यबळ व्यवस्थापनाचा समावेश कशासाठी, असा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना आणि पालकांना पडतो. यंत्र, विद्युत किंवा संगणक शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला भरती, निवड, पदोन्नती आणि तक्रार निवारण हे विषय परके वाटतात. परीक्षेपुरते पाठ करून तो ते विसरून जातो. वस्तुतः या विषयाचा जन्मच अभियंत्यांमध्ये झालेला आहे. १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडणारा फ्रेडरिक टेलर हा यांत्रिकी अभियंता होता. १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेतील हॉथॉर्न येथील टेलिफोन साहित्याच्या कारखान्यात जे प्रसिद्ध प्रयोग झाले, त्यांची सुरुवात दिव्यांचा प्रकाश आणि उत्पादन यांचा संबंध शोधण्यातून झाली होती.

हैदराबाद शहरात तंत्रशिक्षणाची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. या परंपरेत माणसांविषयीचे ज्ञान केव्हा आले, कोणत्या मार्गाने आले आणि कोणाच्या बाजूने शिकविले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उस्मानिया विद्यापीठ आणि भाषेचा प्रश्न

१९१७ च्या शाही फर्मानानंतर १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दू माध्यमातून देणे हा त्यामागील धाडसी विचार होता. पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतर विभाग स्थापन करण्यात आला. औरंगाबादशी दीर्घ संबंध असलेले मौलवी अब्दुल हक यांच्याकडे त्याची धुरा होती. १९२९ मध्ये विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि तंत्रविद्याही भारतीय भाषेत शिकविता येते हे सिद्ध झाले.

या प्रयोगाचे महत्त्व मान्य करूनही त्याची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. हैदराबाद संस्थानात तेलुगू भाषकांची संख्या सर्वाधिक होती. मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश होते, तर उर्दू मातृभाषा असणारे बरेच कमी होते. मराठवाड्यातून येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीऐवजी उर्दू ही दुसरी भाषा आत्मसात करावी लागे. शिक्षण संपवून तो ज्यांच्याकडून काम करून घेणार होता, ते मजूर बहुधा तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलणारे असत. यंत्राचे ज्ञान एका भाषेत आणि माणसांशी व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. पुढे संस्थानाच्या विलीनीकरणानंतर माध्यम इंग्रजी झाले. भाषा बदलली, पण वर्ग आणि कामाची जागा यांतील अंतर कायम राहिले.

कारखाने, कामगार आणि संघटना

याच काळात संस्थानात आधुनिक उद्योग वाढत होते. सिंगरेणीच्या कोळसा खाणी जुन्या होत्या. १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही गिरणी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद शहरात ऑल्विन आणि प्रागा टूल्स हे कारखाने उभे राहिले. या ठिकाणी कामगारांचे प्रश्न ओळखण्यात अभियांत्रिकी शाखेपेक्षा साहित्य शाखेतील मंडळी पुढे होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. उस्मानिया विद्यापीठातून एम. ए. झालेले आणि सिटी कॉलेजात अध्यापन केलेले कवी मखदूम मोहिउद्दीन (१९०८-१९६९) कामगार चळवळीत उतरले. डॉ. राजबहादूर गौड हे तर वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते. १९४६ मध्ये अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, ती अशा कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून.

कामगाराला केवळ मजुरीच नव्हे तर मानही हवा असतो, ही गोष्ट हॉथॉर्नच्या संशोधकांनी प्रयोगांतून मांडली. हैदराबादच्या कामगार कार्यकर्त्यांना ती वस्तीतील सहवासातून समजली. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाने मात्र या दुसऱ्या मार्गाची दखल घेतली नाही.

स्वातंत्र्यानंतरचे बदल

स्वातंत्र्याच्या आसपास कायद्याने परिस्थिती बदलली. १९४६ चा स्थायी आदेश कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा यांमुळे कामगारांशी वागणूक हा मालकाच्या मर्जीचा विषय राहिला नाही. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. हे अधिकारी मुख्यतः समाजकार्याच्या शिक्षणातून आले. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेली आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली गेलेली संस्था या बाबतीत अग्रेसर होती. परिणामी 'माणसांचे काम कल्याण अधिकाऱ्याचे, यंत्रांचे काम अभियंत्याचे' अशी वाटणी रूढ झाली.

हैदराबाद हे लवकरच व्यवस्थापन प्रशिक्षणाचे मोठे केंद्र बनले. १९५६ मध्ये भारतीय प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय स्थापन झाले. वऱ्हाडचे राजपुत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आझम जाह यांच्या बेला व्हिस्टा या निवासस्थानी ते आले. १९६२ मध्ये लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्था शहरात आली आणि १९६४ मध्ये सार्वजनिक उद्योग संस्था सुरू झाली. भेल, आयडीपीएल आणि इसीआयएल यांसारख्या सार्वजनिक उद्योगांमुळे अशा प्रशिक्षणाची गरजही वाढली होती.

लघुउद्योग संस्थेत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास काकीनाड्याच्या व्यावसायिकांना येथे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम योजला. यश मिळविण्याची प्रेरणा शिकविता येते काय, हा त्यामागील प्रश्न होता. त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि जगभर चर्चिले गेले.

मात्र हे सर्व प्रशिक्षण नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी किंवा व्यवसाय करणाऱ्यांसाठी होते. पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

पदवी अभ्यासक्रमात प्रवेश

सरकार समितीने १९४६ मध्ये आणि राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये तंत्रशिक्षणाला मानव्यविद्यांची जोड देण्याचा आग्रह धरला होता. हैदराबादच्या महाविद्यालयांत ही जोड हळूहळू आली. उस्मानियाच्या पदवी अभ्यासक्रमात 'औद्योगिक प्रशासन आणि वित्तीय व्यवस्थापन' या विषयात कार्य अभ्यास, कामाचे मूल्यमापन आणि वेतन प्रोत्साहन योजना शिकविल्या जात. या मांडणीवर टेलरची छाप स्पष्ट दिसते. कामगार येथे मोजण्याची बाब आहे.

१९७२ मध्ये जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या 'मॅनेजमेंट सायन्स' या विषयात २००० नंतरच्या दशकात आठ घटक होते. त्यांतील एक घटक मनुष्यबळ व्यवस्थापनाचा होता. मनुष्यबळ नियोजन, भरती, निवड, प्रशिक्षण, नेमणूक, वेतन प्रशासन, बढती, बदली, सेवासमाप्ती, कामगिरीचे मूल्यमापन, तक्रार निवारण आणि कल्याण एवढे सर्व या एका घटकात सामावलेले होते. पहिल्या घटकात टेलर, फेयॉल, मेयो, मॅस्लो, मॅकग्रेगर आणि हर्झबर्ग यांचे सिद्धान्त होते. हैदराबादेतच ज्याचे बीज रुजले तो मॅक्लेलंडचा प्रयोग मात्र या यादीत नव्हता. त्याचप्रमाणे १९७५ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग सुरू केला, हा भारतीय इतिहासही अशा पाठ्यक्रमात अभावानेच येतो.

विषय आला, पण तो गावाशिवाय आला. सिंगरेणीचा खाणकामगार, ऑल्विनचा जोडारी किंवा बांधकामावरील पालमूरचा मजूर विद्यार्थ्याला पुस्तकात कोठे भेटला नाही.

संगणक युग आणि नवा विद्यार्थी

१९८० मध्ये सुलतान-उल-उलूम शिक्षण संस्थेचे मुफ्फखम जाह अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८४ मध्ये दारुस्सलाम येथील डेक्कन अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि शहराच्या पश्चिम भागाचे रूप पालटले. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात मागास मुस्लिम गटांसाठी ४ टक्के आरक्षण आले. ज्या घरांत पूर्वी कोणी अभियंता नव्हता, तेथील मुलेमुली महाविद्यालयात येण्याच्या वाटा अशा रीतीने रुंदावत गेल्या.

या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले असता अभ्यासक्रमातील मुख्य उणीव ध्यानात येते. सारा घटक व्यवस्थापकाच्या खुर्चीवरून लिहिलेला आहे. निवड कशी करावी, मूल्यमापन कसे करावे, सेवासमाप्ती कशी करावी, हे त्यात आहे. विद्यार्थी मात्र पहिली अनेक वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार असतो. मुलाखतीत त्याला पारखले जाणार असते. नेमणूकपत्रातील बंधपत्राचा अर्थ त्याला लावावा लागणार असतो. वार्षिक मूल्यमापनात मिळालेल्या श्रेणीविरुद्ध दाद कोठे मागावी, हे त्याला माहीत असावयास हवे. ज्याच्या घरी हे सांगणारे कोणी आहे, त्याचे फारसे अडत नाही. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याला हा घटक हीच एकमेव शिदोरी असते.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या हिशेबातील गैरव्यवहार उघड झाला. हजारो तरुण अभियंत्यांना एका दिवसात आपल्या वेतनाची आणि भवितव्याची चिंता लागली. नोकरी ही केवळ तांत्रिक कौशल्यावर टिकत नाही, हा धडा या शहराने तेव्हा घेतला.

२०१८ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आदर्श अभ्यासक्रमात एकूण १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कल्याण अधिकाऱ्याच्या नेमणुकीची मर्यादा नव्या संहितेत अडीचशे कामगारांवर आली. त्यामुळे १९४८ च्या कायद्यावर आधारलेली पाठ्यपुस्तके बदलणे आवश्यक झाले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हैदराबादेत माणसांविषयीचे ज्ञान कधीच कमी नव्हते. ते कामगार चळवळीत होते, प्रशिक्षण संस्थांत होते आणि कारखान्यांच्या अनुभवात होते. अभियांत्रिकीच्या वर्गापर्यंत मात्र त्याचा फक्त सारांश पोहोचला, आणि तोही वरच्या बाजूने लिहिलेला.

यावर उपाय खर्चिक नाहीत. सिद्धान्तांच्या यादीसोबत शहरातील एका कारखान्याचा किंवा कार्यालयाचा अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेता येईल. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद वर्गात वाचून दाखविता येईल. कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलून तक्रारी समजून घेण्याचा सराव देता येईल. शिक्षण संस्थांनी एवढे केले, तर विद्यार्थी हा घटक गुणांसाठी पाठ करणार नाही. स्वतःचा हक्क ओळखणारा आणि पुढे दुसऱ्याचा हक्क न डावलणारा अभियंता घडविण्याचे काम त्यातून होऊ शकेल.