जुन्या हातोड्या आणि ऐरणी: खुणांवरून निर्मात्याची ओळख

ब्रिटिश बनावटीच्या जुन्या ऐरणीच्या कुशीवर बहुधा तीन सुटे आकडे ठोकलेले आढळतात, उदाहरणार्थ १·२·१७. विक्रेता ते साल म्हणून सांगतो, घेणारा अनुक्रमांक समजतो. प्रत्यक्षात ते वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा म्हणजे ११२ पौंडांचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा म्हणजे २८ पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. वरील ऐरण ११२, ५६ आणि १७ मिळून १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो भरते. या पद्धतीत मधला आकडा ३ पेक्षा आणि शेवटचा २७ पेक्षा मोठा असू शकत नाही. तसा तो दिसल्यास अर्थ दुसरीकडे शोधावा लागतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ब्रिटिश ऐरण हाती लागली, तरी हाच हिशेब उपयोगी पडतो.

डडली येथील पीटर राइट आणि शेफील्डचे माउसहोल ही या वर्गातील प्रसिद्ध नावे. अमेरिकी निर्मात्यांनी मात्र सरळ पौंडांत वजन लिहिले. ब्रुकलिनच्या हे-बडन कंपनीच्या ऐरणींवर पुढच्या पायाशी अनुक्रमांकही असतो आणि त्यावरून निर्मितीचा काळ बराचसा ठरवता येतो. न्यू जर्सीतील ट्रेंटन शहरातील फिशर कारखान्याची खूण म्हणजे कुशीवर उठावात ओतलेला गरुड. ही ऐरण बिडाची असून माथ्यावर पोलादी पाटा असतो. तिच्यावर घाव घातला असता घंटेसारखा नाद उमटत नाही. नाद नाही म्हणजे ऐरण तडकलेली, असा सरसकट निष्कर्ष काढणारे ग्राहक म्हणूनच चांगली फिशर सोडून जातात.

नावांचे सापळेही काही थोडे नाहीत. 'ट्रेंटन' अशी खूण असलेली ऐरण ट्रेंटन शहरातील नव्हे. आरंभी ती जर्मनीहून येई, पुढे ओहायोतील कोलंबस येथे घडवली जाऊ लागली. हातोडा उगारलेल्या दंडाचे चित्र दोन वेगळ्या निर्मात्यांनी वापरले. व्हल्कन ऐरणीवर ते उठावात असते, तर कोलंबसच्याच 'आर्म अँड हॅमर' ऐरणीवर ते ठोकून उमटवलेले असते. पहिली बिडाची, दुसरी घडीव. चित्र एक असले तरी मोलात मोठे अंतर आहे.

हातोड्यांच्या संग्रहात डेव्हिड मेडोल या नावाला मान आहे. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विचच्या या लोहाराने १८४० च्या सुमारास दांड्याचे भोक वाकसाच्या भोकासारखे खाली लांबवले. दांड्याला अधिक पकड मिळाली आणि काम करताना हातोडीचे डोके निसटून उडण्याचा धोका कमी झाला. आज ही रचना इतकी सर्वत्र दिसते की ती कोणाला तरी सुचावी लागली होती, हेच विसरले जाते. नेवार्कच्या हेलर बंधूंची खूण घोडा. नालबंदांची हत्यारे हा त्यांचा मुख्य व्यवसाय असल्याने ती साजेशीच म्हणावी. त्याच शहरातील अथा कंपनी घोड्याच्या नालेत 'ए' हे अक्षर ठोकत असे. १९१३ मध्ये स्टॅन्लीने ती विकत घेतली. त्यामुळे दोन्ही नावे एकत्र असलेली हातोडी त्यानंतरची, हे उघड आहे.

ठोकलेले प्रत्येक नाव निर्मात्याचे असतेच असे नाही. 'कीन कटर' हे सेंट लुइस येथील सिमन्स या हार्डवेअर व्यापाऱ्यांचे नाव होते. माल इतर कारखान्यांतून करवून घेतला जाई. बाणाच्या टोकासारखी खूण ब्रिटिश सरकारच्या मालकीची निदर्शक असून कारागिराबद्दल ती काहीही सांगत नाही. 'कास्ट स्टील' या शब्दांचा अर्थ हत्यार ओतीव आहे असा नाही. बेंजामिन हंट्समन याने अठराव्या शतकाच्या मध्यास शेफील्ड भागात रूढ केलेल्या, मुशीत वितळवलेल्या पोलादाचा तो उल्लेख आहे. देशाचे नाव मात्र काळाचा चांगला पुरावा ठरते. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यान्वये आयात मालावर मूळ देश लिहिणे बंधनकारक केले. तेव्हा अमेरिकेत सापडलेल्या हत्यारावर 'इंग्लंड' असे कोरलेले असेल, तर ते बहुधा त्यानंतरचे असते.

खूण अस्पष्ट असल्यास कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी, किंवा खडू चोळून तिरप्या उजेडात पाहावे. गंज तारेच्या ब्रशने व तेलाने काढावा. ग्राइंडर लावण्याचा मोह फार होतो. पण खुणा अनेकदा जेमतेम खोल असतात आणि एकदा घासल्या की हत्यार निनावी होते. ऐरणीचा माथा सपाट करण्याच्या नादात पोलादी पाट्याचा पातळ थरही जातो. त्यावर वेल्डिंग केल्यास आसपासचे पाणी उतरते, म्हणजे पोलाद मऊ पडते. माथ्याची कठीणता पाहण्यासाठी एखादी पोलादी गोळी वरून सोडावी: चांगल्या माथ्यावरून ती उंच उसळते, मऊ पडलेल्या जागी मरगळते. हातोडीने हातोडीवर घाव घालून परीक्षा मात्र कधीही करू नये. पाणी दिलेल्या पोलादाची कपची उडून डोळा जाऊ शकतो.

हातोडीचा दांडा मूळचा असण्याची शक्यता कमीच. तो कित्येकदा बदललेला असतो, आणि जाणकार संग्राहक त्यामुळे किंमत फारशी कमी धरत नाहीत.