मोटेची कुळकथा

विहिरीतून पाणी वर ओढून आणले, की काम निम्मेच झाले. काठाशी आलेली, दीडशे लिटर पाण्याने तट्ट फुगलेली कातडी मोट ओतायची कोणी? या एका प्रश्नाच्या उत्तरात दख्खनच्या मोटेचे सगळे वेगळेपण आहे. तिची कुळकथा सांगायची तर ती इथूनच सांगावी लागते.

मुघल बादशहा बाबर 1526च्या सुमारास हिंदुस्थानात आला तेव्हा इथल्या पाणी उपसण्याच्या पद्धती त्याने बारकाईने पाहिल्या आणि आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवल्या. लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडे त्याला रहाटगाडगे दिसले. आग्रा, चांदवार, बयाना या भागात मात्र कातडी डोलाने पाणी काढत. विहिरीच्या काठावर दुबेळके लाकूड, त्यात फिरणारा रूळ, त्यावरून गेलेला दोर आणि दोराला जुंपलेला बैल. एक माणूस बैल हाकायचा, दुसरा काठावर उभा राहून डोल ओतायचा. बैल वळून परत येताना दोर शेणामुतातून फरफटत यायचा आणि तसाच विहिरीत उतरायचा. बाबराला ही पद्धत कष्टाची आणि गलिच्छ वाटली.

दख्खनमध्ये या दोन्ही अडचणींवर तोड निघाली. मोटेच्या बुडाला कातड्याची लांब नळी जोडली गेली, तिचे नाव सोंड. मोटेला आता दोन दोर लागले. तोंडाच्या लोखंडी कड्याला बांधलेला जाड नाडा वरच्या चाकावरून गेला. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक सोल खाली, काठालगतच्या रुळावरून गेला. दोन्ही दोरांची दुसरी टोके बैलांच्या जुवाकडे एकत्र आली. दोरांची लांबी अशी धरलेली, की मोट वर येत असताना सोंड दुमडून तिचे तोंड मोटेच्या तोंडाबरोबर राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर आली, की नाडा तिला आणखी उंच चाकाकडे नेतो आणि सोल सोंडेला पुढे ओढून घेतो. सोंड सरळ होते, पाणी काठावरच्या कुंडात, म्हणजे थारोळ्यात, धो धो कोसळते, तिथून पाटाला आणि पाटातून वाफ्यांना लागते. ओतायला माणूस नको. आग्र्याला दोघांना जे करावे लागे, ते इथे एकटा मोटकरी करू लागला. दुसरा गडी दारे धरायला मोकळा झाला.

ही युक्ती फक्त महाराष्ट्राची नव्हे. कर्नाटकात तिला कपिले म्हणतात, तमिळ मुलुखात कवलै. पण काळ्या कातळात खोल खोदलेल्या आमच्या विहिरींना ती जशी लागू पडली, तशी दुसरी कोणतीच नाही. कोकणात पाणी वर असते, तिथे रहाट चाले. देशावर पाणी खाली, खडकाच्या भेगांतून झिरपणारे. तिथे एका खेपेला भरपूर पाणी खोलातून काढणारी मोटच हवी होती.

मोटेची पाळेमुळे फार मागे जातात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 101व्या सूक्तात विहीर, चामड्याच्या वाद्या, दगडी चाक आणि पाण्याचे कुंड यांची वर्णने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाणीपट्टीचे दर पाणी कशाने उपसले त्यावरून ठरतात: हाताने उपसले तर पिकाचा पाचवा हिस्सा, खांद्याने उपसले तर चौथा. हा खांदा बैलाचा, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. मराठी मुलुखाच्या महसुलातही मोटेने आपली जागा घेतली. पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन पाटस्थळ, मोटेच्या पाण्यावर भिजणारी ती मोटस्थळ, आणि दोहोंवरची आकारणी निरनिराळी. अरणच्या सावता माळ्याने तर आपल्या अभंगात मोटेच्या साऱ्या सरंजामाला पंढरीच्या जागी बसवले. रोज ज्या वस्तूंना हात लागतो त्यांतच त्याला विठ्ठल भेटला.

या मोटेमागे सारा गाव उभा असे. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चांभारांनी मोट आणि सोंड शिवायची, मातंगांनी नाडा आणि सोल वळायचे, लोहाराने कडे घडवायचे, सुताराने चाक, रूळ आणि जू करायचे. बागायतदार म्हणून नाव झाले ते मळेवाल्याचे. पण गावकुसाबाहेर ठेवलेल्या हातांनी वळलेला दोर आणि कमवलेले कातडे नसते, तर उसाचा एक वाफाही भिजला नसता. मोटेची गोष्ट सांगताना हे कारागीर गाळले, तर ती गोष्ट खोटी ठरते.

आणि बैल? मोटेच्या ज्ञानाचा अर्धा वाटा त्यांचा होता. विहिरीपासून खाली उतरत जाणाऱ्या वाटेला धाव म्हणतात. तिची लांबी पाण्याच्या खोलीला धरून असे. बैल उताराने खाली जात, त्यामुळे ओढीच्या वेळी त्यांच्या अंगाचे वजन कामी येई. मोटकरी नाड्यावर बसे, त्याचाही भार ओढीला मिळे. मोट रिकामी झाली, की बैल वळत नसत. ते मागे मागे पावले टाकत चढ चढत. म्हणूनच आग्र्यासारखा इथे दोर शेणामुतातून फरफटत नसे. मोट पाण्याला टेकली, बुडाली, भरली, की पुन्हा खाली.

चढावर मागे चालणे बैलाला उपजत येत नाही. ते शिकवावे लागते. नवा खोंड जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपत आणि तो जोडीदाराच्या पावलावरून शिके. माणदेश-सोलापूरकडचा खिल्लार चपळ आणि काटक म्हणून नावाजलेला. मुरलेल्या बैलाला धावेच्या टोकाशी थांबायला सांगावे लागत नसे. मोटकऱ्याची गाणी ही नुसती करमणूक नव्हती. त्या सुरावर बैल पावले टाकत आणि आवाजातला बदल ओळखत.

या कामाची किंमतही बैलच मोजत. सारा ताण जुवातून खांद्यावर येई. खांदा सुजे, सोलवटे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतात, म्हणजे बैलाचा खांदा तूप-हळद लावून चोळतात. वर्षभर ज्या जागेवर संसार पेलला तिची ही सेवा आहे. ती एका दिवसापुरती ठेवली तर अपुरीच म्हणायची. चांगला मोटकरी दुपारच्या उन्हात बैल सोडत असे, सावलीला बांधत असे. तेवढ्या वेळात विहिरीचे झरेही पाणी भरून काढत.

सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावची बारा मोटेची विहीर याच विद्येचे शिखर आहे. 1719 ते 1724 या काळात, छत्रपती शाहूंच्या राजवटीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. नाव बारा मोटेचे, पण मोटा लावायच्या जागा 15. विहिरीतच महाल आहे, आणि तरीही बांधकामाचा सारा विचार बैल कुठून उतरतील आणि पाणी कुठे पडेल याभोवती फिरतो. पुढे 1889 मध्ये डॉ. व्होल्कर हे इंग्रज कृषिरसायनज्ञ सरकारच्या वतीने हिंदुस्थानातली शेती तपासायला आले. 1893 मध्ये निघालेल्या अहवालात त्यांनी पाणी उपसण्याच्या साधनांबाबतच्या शेतकऱ्याच्या जाणकारीचे मनापासून कौतुक केले.

विसाव्या शतकात आधी तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप. 1972च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या आणि मोट थांबली. बैलांचा खांदा सुटला, माणसाची पहाट मोकळी झाली. हे चांगलेच झाले, आणि मोट परत यावी असे कोणी म्हणू नये. पण मोटेला एक शिस्त होती. बैल दमले की उपसा थांबे. पंप दमत नाही, म्हणून थांबायचे कधी हे आता माणसालाच ठरवावे लागते. ते न ठरवल्यामुळे गावोगावची पाणीपातळी कुठे गेली, हे आपण पाहतोच आहोत.

मोट हाकलेली माणसे आता थकली आहेत. तुमच्या गावात असे कोणी आजोबा असतील तर त्यांच्याशेजारी बसा. नाडा किती हात लांब धरत, सोल किती आखूड ठेवत, खोंडाला मागे चालायला कसे शिकवत, बैलांची नावे काय होती, गाणी कोणती होती, हे त्यांच्या आवाजात नोंदवून ठेवा. जुनी विहीर बुजवायला निघाला असाल तर निदान तिची धाव आणि थारोळे मोजून, चित्र काढून ठेवा. दगड अजून काही शतके टिकतील, पण ही माणसे तितका काळ नाहीत. हे काम याच वर्षी करायला हवे.